वासाचे दिवस

विहिरीच्या काठावर कुणीतरी रांगोळी घातली होती. साधीच, चार ठिपक्यांची, पण ताजी. शेजारी हळदीकुंकू वाहिलेलं आणि नारळाची दोन भकलं. मी पाण्याचे नमुने घ्यायला आले होते आणि आमच्यासारख्यांचं स्वागत एरवी गावातली कुत्रीच करतात. त्यामुळे मला ती रांगोळी फार आवडली. ती पुसली जाऊ नये म्हणून मी बाटल्यांची पेटी मुद्दाम लांब ठेवली.

"म्याडम, आधी च्या घ्या," मागून शेवंताबाई म्हणाल्या. "पानी कुटं पळून जात न्हाय."

याला आता वीस-बावीस वर्षं झाली. मला तेव्हा कोल्हापुरातल्या एका प्रयोगशाळेत नोकरीला लागून जेमतेम दीड वर्ष झालं होतं. वय चोवीस, आणि अक्कल त्याहून बरीच जास्त आहे असा समज. आंबळगाव हे कराडहून चिपळूणला जाणाऱ्या रस्त्यावरचं गाव. रस्त्याला लागून पेट्रोल पंप आणि पंपाच्या खालच्या अंगाला, शंभरएक पावलांवर, चाळक्यांचं घर आणि त्यांची विहीर. विहिरीच्या पाण्याला पेट्रोलचा वास येतो असा अर्ज तालुक्याच्या कचेरीत गेला होता. कचेरीने तो आमच्याकडे पाठवला आणि पेठकर सरांनी माझ्याकडे सरकवला. सर आमच्या प्रयोगशाळेचे प्रमुख.

अर्ज दोन पानी होता, वहीच्या कागदावर, ठसठशीत अक्षरात. खाली सही सौ. उज्ज्वला निवास चाळके. म्हणजे घरच्या सुनेची. घरच्या पुरुषाची सही नव्हतीच, आणि हे वाचून सरांनी भुवई उडवली होती.

चहा पिताना शेवंताबाईंनी मला सगळी हकिकत सांगितली. त्या उज्ज्वलाच्या सासूबाई, साठीच्या, हाताने सतत काहीतरी आवरत राहणाऱ्या. सून सातव्या महिन्यात होती. गेले चार महिने ती विहिरीचं पाणी तोंडात घेत नव्हती. देवळापाशी हातपंप होता, अर्ध्या मैलावर, तिथून ती दोन वेळा कळशी भरून आणायची. अडवलं तर जेवायची नाही. घरात दुसऱ्या कुणालाच वास येत नव्हता. मुलगा टेंपोच्या डिझेलात वावरणारा, त्याचं म्हणणं हे डोहाळे, आणि शेवंताबाईंचं नाक चुलीच्या धुराने केव्हाच गेलेलं. "मला तर शेणाचा बी वास येत न्हाय," त्या म्हणाल्या. "पर पोरगी खोटं बोलायची न्हाय. म्हनून म्हटलं, यिऊ दे तपासनीस. एकदा काय ते हुन जाऊ दे."

त्या दिवशी सून घरी नव्हती. आदल्या दिवशी सकाळी मुलगा तिला कराडला दवाखान्यात दाखवायला घेऊन गेला होता. रात्री ती दोघं तिथेच तिच्या बहिणीकडे राहिली आणि दुपारच्या गाडीने येणार होती. मी त्यांची वाट पाहत थांबले नाही. एका दिवसात काम उरकायचं होतं आणि दुसरी फेरी कचेरी कधीच मंजूर करत नसे. पाण्यात पेट्रोल निघालं तर पंपाची जमिनीखालची टाकी उघडावी लागणार होती आणि चाळक्यांना दुसरं पाणी मिळणार होतं. नाही निघालं तर फाईल बंद आणि सुनेचे डोहाळे हाच निकाल. तिची अर्ध्या मैलाची कळशी माझ्या बाटल्यांवर टांगलेली होती, आणि हे मला चांगलं कळत होतं.

मी विहिरीत वाकून पाहिलं. पाणी अठरा-वीस फुटांवर. पेट्रोल पाण्यावर तरंगतं, त्यामुळे उन्हात रंगीत साय दिसते का ते मी आधी पाहिलं. नव्हती. पाणी थोडं गढूळ होतं, पण भिंतीचे दगड इतके स्वच्छ की मी वहीत 'विहीर उत्तम राखलेली' असं कौतुकाने लिहिलं. पाण्याच्या वर चार-पाच हात भिंत ओली होती. तेही लिहिलं. तळाला झडप असलेली नळी दोरीने सोडून मी एक नमुना वरच्या थराचा घेतला, एक मधला, एक खालचा. बाटली काठोकाठ भरायची, आत बुडबुडा राहू द्यायचा नाही, लगेच बर्फात ठेवायची. हे सगळं मी डोळ्यांत तेल घालून केलं. मग शेवटी बाटलीला नाक लावलं.

वास आला, पण ब्लिचिंग पावडरचा. ग्रामपंचायत महिन्या-दोन महिन्यांनी टाकते, तशी टाकली असेल म्हणून मी तेही लिहून ठेवलं.

मग माती. आमचे ड्रायव्हर रसूलभाई पन्नाशीचे, पण गिरमिट फिरवायला त्यांच्यासारखा माणूस नव्हता. हे गिरमिट सुताराचंच, फक्त पुरुषभर उंच. दोघांनी दांडा धरून गोल फिरवायचं आणि अर्ध्या-अर्ध्या मीटरवरची माती काढून काचेच्या बरणीत बंद करायची. पंप आणि विहीर यांच्यामध्ये आम्ही चार ठिकाणी भोकं पाडली. पंपाच्या कुंपणाला लागून पाडलेल्या भोकातून माती वर आली तेव्हा रसूलभाईंनी ती हुंगली आणि म्हणाले, "हिला येतोय." मलाही आला, पुसटसा. पण पुढची तिन्ही भोकं कोरडी ठणठणीत निघाली. लाल माती, मग मुरूम, मग दीड मीटरवर काळा कातळ आणि गिरमिट थांबलं. कशालाच वास नाही.

पंपाचे मालक स्वतः खुर्ची घेऊन आले होते. गृहस्थ बरे वाटले. टाकी गेल्या वर्षीच तपासून घेतली, कागद आहेत, बघा म्हणाले. गाड्यांत भरताना थेंब सांडतातच, त्यामुळे कुंपणाच्या आतली माती कुठल्याही पंपावर अशीच लागेल, हेही म्हणाले. ते खरंच होतं. माझ्या मनात मात्र सगळ्याचा काला झाला. वर वास आहे, मध्ये नाही, खाली म्हणे आहे पण मला सापडत नाही. पेट्रोल काय उडी मारून गेलं?

तेवढ्यात ती दोघं आली. निवास टेंपो चालवायचा, सडपातळ, कमी बोलणारा. उज्ज्वला त्याच्या मागे, एक हात कमरेवर. तिने मला पाहिलं आणि तिचा चेहरा इतका उजळला की मीच अवघडले. ती घरात गेली आणि भिंतीवरचं कॅलेंडर खिळ्यावरून काढून घेऊन आली. त्याच्यावर चार महिन्यांच्या तारखांना काडीने लावलेली कुंकवाची टिंबं होती.

"हे वासाचे दिवस," ती म्हणाली. "रोज नसतो. आला की तीन-चार दिवस येतो, मग कमी होतो. परवापर्यंत होता बघा, हे टिंब परवाचं."

मी तिला म्हटलं, मला तर आला नाही. तिचा विश्वास बसेना. निवासने बादली सोडून पाणी काढलं. तिने बादलीवर वाकून नाक पाण्याला टेकेल इतकं खाली नेलं. मग पुन्हा एकदा. मग ओंजळीत घेऊन. आम्ही सगळे उभे राहून तिच्या नाकाकडे बघत होतो.

"आज येत नाही," ती हळूच म्हणाली. तिने आधी नवऱ्याकडे पाहिलं आणि मग त्या कॅलेंडरकडे, ते दुसऱ्याच कुणी लिहिलेलं असावं तसं.

निवासने नुसती बादली उपडी केली. शेवंताबाई लुगड्याचा पदर बोटाभोवती गुंडाळत होत्या. "आसंल बाई, हुतं आसं," त्या घाईघाईने म्हणाल्या, "निवासच्या बारीला मला बी समद्याला राकेलचा वास यायचा," आणि भांडी घासायची आहेत म्हणत आत गेल्या. मला वाटलं, सासूची जात. सुनेची फजिती झाली की समजूतही घालायची आणि टोचूनही घ्यायचं.

आणि मग मी एक वाक्य बोलले. ते मला अजून खातं. मी हसून, अगदी मोठ्या बहिणीसारखी, म्हटलं, "अहो, अशा दिवसांत वास जरा जास्तच येतात. मनावर घेऊ नका."

ती कॅलेंडरची गुंडाळी करत आत गेली.

फॉर्मवर शेवटचे दोन रकाने राहिले होते. विहिरीचा वापर कशासाठी, आणि शेवटचा उपसा कधी केला. मी निवासला विचारलं. तो म्हणाला, पिण्यासाठी आणि जनावरांसाठी. उपसा दर वर्षी चैत्रात करतो. मी लिहिलं, 'चैत्र'. घराचा पुरुष सांगतोय म्हटल्यावर आणखी कुणाला विचारायचं असतं हे मला कुणी शिकवलं नव्हतं, आणि मलाही सुचलं नाही.

आठ दिवसांनी निकाल आले. पाण्याच्या तिन्ही बाटल्यांत पेट्रोलचा अंश 'आढळला नाही'. मातीच्या तीन भोकांत 'आढळला नाही'. कुंपणाजवळच्या मातीत अल्प. पेठकर सरांनी माझी वही चाळली आणि 'भिंत ओली, चार-पाच हात' या ओळीवर बोट ठेवलं. "ही कशाने ओली, तेरदाळे?" मी म्हटलं, सर, दव असेल. डिसेंबर होता. सर पुढे काही विचारणार, तेवढ्यात फोन वाजला. रिपोर्टवर माझी सही गेली.

ते प्रकरण माझ्या डोक्यातून जाईना. ते डोळे खोटारड्या बाईचे नव्हते आणि खोटारडी बाई टिंबं लावत बसत नाही. पण यंत्र तर माझ्या हातचं होतं, बाटल्या माझ्या हातच्या. कधी वाटायचं, बर्फ कमी पडला. कधी वाटायचं, दुसऱ्याच विहिरीवर गेले होते का मी? सरांना दोनदा विचारलं तर ते म्हणाले, कातळाचा प्रदेश आहे, तिथे पाणी मातीतून जात नाही, भेगांतून जातं, गिरमिटाला ते सापडणार नाही. पण मग विहिरीत तरी सापडायला हवं होतं ना? तिथे येऊन आमचं बोलणं थांबायचं.

मार्चमध्ये चिपळूणच्या बाजूला दुसरं काम निघालं. परतताना आंबळगाव आलं आणि मी रसूलभाईंना गाडी वळवायला सांगितली. कशाला जातेय हे मलाच नीट सांगता आलं नसतं.

दार उघडंच होतं. उज्ज्वला ओटीवर बसली होती, मांडीवर दीड महिन्याचं मूल. मुलगा झाला होता. ती हसली, बसा म्हणाली, पण पहिल्या दिवशी उजळली होती तशी नाही. शेवंताबाईंना मात्र कोण आनंद. त्यांनी माझ्या हातात तांब्या-भांडं दिलं आणि चहाचं आधण ठेवायला निघाल्या. मी भांडं तोंडाशी नेलं.

आणि थांबले. आधी वाटलं, माझेच हात. गाडीत डिझेल भरताना मी खाली उतरले होते. मी हात हुंगले, ओढणी हुंगली. मग पुन्हा भांडं.

"हे पाणी हातपंपाचं का?" मी विचारलं.

"हातपंप कशाला आता," शेवंताबाई आतून म्हणाल्या. "तुमचा कागद आला आन् ते बंद झालं. समदी हिरीचंच पितो. ह्यो बाळ्या बी त्याच्यातच न्हातो."

मी उज्ज्वलाकडे पाहिलं. "तुम्हाला वास येतोय का यातून?"

"मला आता नाही येत," ती म्हणाली. तिचा आवाज अगदी सपाट होता. "कागदावर लिहून आलं ना. चार माणसांपुढं वाचलं ह्यांनी. मग मी ते बघायचं सोडलं." मुलाच्या अंगावरचं दुपटं तिने उगाच नीट केलं. तिच्या मागे भिंतीवर नव्या वर्षाचं कॅलेंडर लटकत होतं. त्याच्यावर एकही टिंब नव्हतं.

शेवंताबाई चहा घेऊन बाहेर आल्या. मी भांडं तसंच धरून बसलेय हे पाहून त्यांना वाईट वाटलं असावं. "प्या की," त्या म्हणाल्या. "सोच्छ हाय पानी. तुमी येनार म्हनून तर समदी हीर उपसून घेतली हुती, तवापास्नं तशीच हाय."

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं. "कधी उपसली?"

त्यांनी सुनेकडे पाहिलं आणि नातवाकडे पाहिलं. मग हसल्या, आणि मनावरचं ओझं उतरवावं तसं सांगू लागल्या. आता बाळ सुखरूप हातात आलंय, आता सांगायला हरकत नाही. तपासनीस येणार हे कळल्यावर त्यांनी आधी आत वाकून पाहिलं होतं. विहिरीत शेवाळ, पाचोळा, एक मेलेला बेडूकही. शाळेत साहेब यायचा असला की पोरं वर्ग सारवून ठेवतात, मग आपण तपासायला येणाऱ्या बाईपुढे असलं पाणी ठेवायचं? घराची अब्रू जायची. पण पोटुशी बाई घरात असताना विहीर कोरडी करू नये अशी त्यांच्याकडे रीत. म्हणून सून दवाखान्यात गेली तो दिवस त्यांनी साधला. ती दोघं फाट्यावरून एसटीत बसली आणि इकडे त्यांनी मोटर सुरू केली. आळीतले दोन गडी आत उतरवून गाळ काढला, दगड विटकरीने घासले, पाण्यावरची तेलकट साय फडक्यांनी टिपली, वर ब्लिचिंग पावडर टाकली. पाणी रातभर झिरपून आलं. पहाटे उठून पूजा केली, विहिरीची क्षमा मागितली आणि रांगोळी घातली. कुणाला बोलल्या नाहीत. बाळाला काही झालं असतं तर आपल्या माथी आलं असतं, या भीतीने तीन महिने त्यांना झोप नव्हती.

"तेलकट साय," मी म्हटलं.

"हां. हात बुळबुळीत झालं गड्यांचं. लई घाण हुती, म्याडम, तुमाला काय सांगू. तुमच्या डोळ्यांनी बघवली नसती."

करायला गेल्या गणपती आणि झाला मारुती. पण त्यांना काय हसू? ओली भिंत, घासलेले दगड, गढूळ पाणी, पावडरचा वास, पूजेचा नारळ, हे सगळं मी पाहिलं होतं, बरंचसं माझ्या सुवाच्य अक्षरात लिहूनही घेतलं होतं. फक्त त्या विहिरीवर रोज दोर ओढणारी बाई आत भांडी घासत असताना उपसा कधी झाला हे मी टेंपो चालवणाऱ्या माणसाला विचारलं होतं.

उज्ज्वला उठली होती. मूल छातीशी घट्ट धरून ती सासूकडे बघत होती. "मी कराडला गेले, त्या दिवशी?" तिने विचारलं. शेवंताबाईंनी होकाराची मान हलवली. त्यांच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू जायला लागलं. आपण काय केलं हे त्यांना कळलं नव्हतं, पण काहीतरी केलं एवढं कळलं होतं.

"म्हणजे त्याच्या आदल्या दिवसापर्यंत येत होता तो वास..." उज्ज्वला म्हणाली.

पुढचं सगळं कागदोपत्री आहे. माझा आधीचा रिपोर्ट चुकीचा आहे असा अर्ज मीच दिला आणि सरांची बोलणी खाल्ली. त्या दिवशी गाडीतल्या बाटल्यांत भरून नेलेल्या पाण्यात पेट्रोल निघालं, इतकं की यंत्रावरची रेघ कागदाबाहेर गेली. पंपाची टाकी उघडली तेव्हा वरच्या अंगाचा एक सांधा गळका सापडला. टँकर येऊन टाकी गळ्यापर्यंत भरली की तो तीन-चार दिवस गळायचा. जुन्या कॅलेंडरवरची टिंबं आणि टँकरच्या पावत्या पेठकर सरांनी शेजारी ठेवून पाहिल्या आणि चष्मा काढून बराच वेळ काच पुसत राहिले. मुलाला पुढे काही झालं नाही. पण ते कळायला वर्षं गेली, आणि ती वर्षं त्या घराने कशी काढली हे विचारायचा धीर मला झाला नाही.

मला आठवते ती मात्र तीच दुपार. ओटीवर आम्ही तिघी. माझ्या हातात अजून ते भांडं होतं. माफी मागायची होती, पण कुठल्या गोष्टीची आधी मागावी हे ठरेना. शेवटी मी एवढंच म्हणू शकले, "उज्ज्वला, मला येतोय वास."

ती मग जवळ आली, माझ्या हातातून भांडं घेतलं आणि स्वतःच्या नाकाशी नेलं. डोळे मिटून तिने एक लांब श्वास घेतला. मूल चुळबुळलं तशी तिने ते सासूच्या हातात दिलं, पाणी अंगणात ओतलं आणि आत गेली. बाहेर आली ती करंडा आणि काडी घेऊन. कॅलेंडरसमोर उभी राहून तिने आजची तारीख शोधली आणि तिच्यावर कुंकवाचं टिंब लावलं.